विहिरीतल्या बाईचा सिनेमा

माझ्या आईला एका मेलेल्या बाईला एक प्रश्न विचारायचा होता. हे मला कळलं तेव्हा मी शाळेतून निवृत्त होऊन घरी बसले होते, आणि कळलं तेही एका भुताच्या सिनेमामुळे. हे वाचून कोणाला हसू आलं तर खुशाल हसा. आमच्या शाळेतल्या बायकाही हसायच्या. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता मी आदल्या दिवशी पाहिलेल्या चेटकिणीचं वर्णन सुरू केलं की एकेक जण आपला डबा उचलून खिडकीकडे सरकायची. "मॅडम, निदान जेवताना तरी नको हो," म्हणायच्या. मी कसली ऐकते! शाळेत मुलांना संतांचे अभंग शिकवायचे आणि घरी येऊन भुतं पाहायची, यात माझं आयुष्य गेलं, आणि या दोन गोष्टींचं एकमेकींशी वाकडं आहे असं मला कधी वाटलं नाही.

हे वेड आईकडूनच आलं. माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबी गावचं, सासर जवळच्याच लोणारचं. आम्ही लहान असताना जवळच्या एका जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मधे दोरी बांधून बायका एकीकडे, गडी दुसरीकडे. बसायला आपापलं पोतं घरून न्यायचं. वडील असल्या गोष्टींना यायचे नाहीत, पण आईला अडवायचेही नाहीत. पडद्यावर भूत आलं की बायका पदर तोंडावर घ्यायच्या, पोरं आयांच्या मांडीत तोंड खुपसायची, आणि माझी आई मात्र मान पुढे काढून बघायची, बाजारात कोणी ओळखीचं दिसलं की बघतात तशी. भुताची तिला भीती नव्हती. तिला नको असायचा तो शेवट. मांत्रिक लिंबू घेऊन उठला की आईसुद्धा उठायची आणि माझा दंड धरायची.

"चाल."

"काऊन वं? आता तं मजा येऊन राह्यली!"

"काही मजा नाही. आता तिले जाळतीन. चाल घरी."

लग्न होईपर्यंत मी एकाही भुताच्या सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. याचा राग मी पुष्कळ वर्षं धरला. पुढे सासरी भाड्यानं व्हिडिओ आणून पहिला सिनेमा शेवटापर्यंत पाहिला, तेव्हा कळलं की माझं फारसं काही बुडालं नव्हतं.

पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसली. हे सिनेमे संपत आले की मागची हकीकत सांगतात. ही जी केस सोडून फिरते आहे ती मुळात कोण होती. कुठल्या तरी हवेलीतली मोलकरीण, नाहीतर पाटलाची सून, नाहीतर पुजाऱ्याची पोर. तिला कोणी मारलं, कोणी पाहिलं, पाहून कोण गप्प बसलं, सगळं दाखवतात. तेवढा वेळ प्रेक्षक चिडीचूप असतात. बायका डोळे पुसतात. आणि दहा मिनिटांनी तिला जाळलं की त्याच बायका सुटकेचा श्वास टाकून चपला शोधायला लागतात! याचा मला मनापासून संताप येतो. अरे, आत्ताच तर तिची बाजू ऐकलीत ना? फिर्यादी बाईची जबानी घ्यायची आणि शिक्षाही तिलाच द्यायची, ही कुठली रीत? मी हे नवऱ्याला ऐकवायचे. तो म्हणायचा, सिनेमा आहे तो, झोप आता.

लोणारला नोकरी म्हणजे दरवर्षी शाळेची सहल सरोवरावर. दुसरीकडे जायला पैसेही नसायचे. उल्का पडून खड्डा झाला हे भूगोलाचे सर सांगायचे आणि लवणासुराची गोष्ट माझ्या वाट्याला यायची. इथं खाली लवणासुर राहायचा, लोकांना छळायचा, देवानं त्याला मारलं. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, हे सगळं देवाकडच्या लोकांनी सांगितलं. लवणासुराकडचं कोणी सांगितलं का नाही?" मी तिला शाबासकी दिली आणि रांग सरळ करायला सांगितली. त्या गोष्टीत आपली बाजू सांगायला असुराकडचं कोणी शिल्लकच राहिलं नव्हतं.

आता थोरलीबद्दल सांगते. माझी आई वडिलांची दुसरी बायको. पहिलीला आमच्या घरात थोरली म्हणायचे. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. टाक म्हणजे बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचा ठसा, आणि तो काळ्या दोऱ्यात ओवलेला. मेलेल्या सवतीचा मान राहावा आणि तिनं मागं लागू नये, म्हणून हे. सणाला आई पहिला घास थोरलीच्या नावानं बाजूला काढायची. नवं लुगडं आलं की घडी मोडायच्या आधी टाकाला लावायची. पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाशीण जेवू घालायची. आम्हाला यात काहीही विचित्र वाटत नसे. परीक्षेला जाताना मी आणि माझा धाकटा भाऊ देवाला नमस्कार करायचो, मग आईला, आणि मग आईच्या गळ्यातल्या थोरलीला. ती कशानं गेली असं विचारलं की घरात एकच उत्तर मिळायचं, तापानं. आई हे उत्तर कधी द्यायची नाही. ती विचारणाऱ्याला काहीतरी काम सांगायची.

आणि तिकडे आमच्या मळ्यातली विहीर. जुनी, दगडी, एका अंगाला पायऱ्या असलेली. गावातल्या सगळ्या पोरांना ती विहिरीतल्या बाईमुळे माहीत. भरदुपारी वाकून पाहिलं की पांढऱ्या लुगड्यातली बाई खालून हात करते, म्हणायचे. मोठ्या माणसांना विचारलं तर ती उडवून लावायची. काही बाई-बिई नाही तिथं, जुन्या काळात पाणी भरताना कोणाचा तरी पाय घसरला होता. कोणाचा, ते त्यांना नेमकं आठवायचं नाही. विहिरीतली बाई आणि आईच्या गळ्यातली थोरली एकच असेल, हे माझ्या डोक्यात कधी म्हणजे कधी आलं नाही. जगभरातल्या भुतांची मागची हकीकत शोधणारी मी, आणि माझ्या हुशारीची ही तऱ्हा.

माझा भाऊ अजून बीबीलाच शेती करतो. सोयाबीन, तूर, आणि विहिरीच्या पाण्यावर वांगी-मिरची. त्याची मुलगी पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेते. भाऊ लोकांना सांगतो, कॉम्प्युटरचं काहीतरी शिकून राह्यली. ही भाची माझी खास. सुट्टीत लोणारला आली की आम्ही दोघी तिच्या लॅपटॉपवर भुतं पाहतो. तिनं मला परदेशातले सिनेमे दाखवले. भाषा कळत नाही, खाली अक्षरं वाचायची. कुठं लढाईत पुरलेली माणसं शेत नांगरताना वर येतात, कुठं बंद पडलेल्या तुरुंगाच्या भिंती बोलायला लागतात. मला वाटलं होतं, घाबरवायला केलं असेल.

"नाही आत्या," ती म्हणाली. "तिकडं मोठमोठ्या कत्तली झाल्या. बोलायची सोय नव्हती. शाळेच्या पुस्तकात नाही, पेपरात नाही. मग लोकांनी ते भुतांकडून बोलून घेतलं. भुतावर कोण खटला भरणार?"

"ते तिकडं. आपल्या बीबीत कुठली आली कत्तल?"

"कत्तल नसंल. विहीर तं हाये ना."

तिला विहिरीतल्या बाईवर छोटा सिनेमा करायचा होता. तिच्या दृष्टीनं ती बाई कुठलीही होती, जुन्या काळातली, घरच्यांनी छळलेली. ती पाण्यातून वर येते आणि त्या घरातल्या पुरुषांना एकेक करून संपवते, अशी तिची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याच्या दोन मैत्रिणींना घेऊन आली. भूत व्हायला मी माझ्या लोणारच्या गल्लीतली एक कॉलेजातली पोरगी दिली. गणपतीत नाचते, कशाला घाबरत नाही. तिला घेऊन मी एसटीनं बीबीला गेले. भावानं शूटिंगला परवानगी दिली खरी, पण विहिरीवर सिनेमा म्हणजे ठिबक सिंचनावर काही असेल अशी त्याची समजूत होती, आणि ती दूर करण्याच्या फंदात आम्ही कोणी पडलो नाही.

शूटिंग सकाळचं होतं. एकदा काम मधे थांबलं तेव्हा आमचं भूत, पांढरी साडी ओलीचिंब, तोंडाला पावडर फासलेली, बांधावर बसून भाकरीसोबत ठेचा खात होतं. तिखटानं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वळणावर आला, जागच्या जागी थांबला आणि उलटा गेला. तो माणूस दोन दिवस त्या वाटेनं आला नाही. आम्ही हसून हसून लोळलो. भाची म्हणाली, आत्या, सिनेमा चालणार.

याच शूटिंगमध्ये एक चूक झाली. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच बुलढाण्याला झालं होतं. तिथं अंगावरचं सगळं काढायला लावलं, म्हणून टाकही काढला. घरी आल्यावर भावजयीनं तो देव्हाऱ्यात ठेवला, डोळा बरा होईस्तोवर राहू द्या म्हणाली. भाचीला भुताच्या गळ्यात काहीतरी जुनं हवं होतं. तिनं देव्हाऱ्यातला तो काळा दोरा उचलला, पाण्यातल्या दृश्यापुरता वापरला आणि दुपारी होता तिथं ठेवून दिला; मी वर बांधावर होते, मला तो दिसला नाही. तिला वाटलं देवीचा टाक असेल. तिची चूक नाही. तिच्या पिढीला आम्ही सांगितलंच नव्हतं. तिला तो फक्त आजीच्या गळ्यातला एक जुना दागिना म्हणून माहीत होता. जिवंत सवतीनं घालायचा टाक तिनं मेलेल्या बाईच्याच गळ्यात घातला.

सिनेमा तयार करून ती संक्रांतीला घरी आली. रविवारी दुपारी पुढच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावल्या आणि टीव्हीला लॅपटॉप जोडला. आई अगदी पुढे खुर्चीत बसली. डोळा बरा झाला होता, टाक पुन्हा गळ्यात आला होता. आम्ही घरचे, आणि आईच्या वयाच्या गल्लीतल्या दोघीतिघी म्हाताऱ्या. चहा झाला, भाचीनं गोष्ट थोडक्यात सांगितली, सिनेमा सुरू झाला. भाचीनं काम चांगलं केलं होतं, मलासुद्धा पाठीला गार लागलं. पाण्यातून केस आले, कपाळ आलं, मग गळा. आणि कॅमेरा त्या गळ्यातल्या टाकावर जाऊन थांबला.

"अवं माय!" एक म्हातारी ओरडली. "हा तं तिचाच टाक!"

आईचा हात आपल्या गळ्याकडे गेला. तिनं टाक मुठीत धरला आणि म्हणाली, "थांबव ते."

भाचीनं थांबवलं. पडद्यावर ते ओलं तोंड तसंच राहिलं.

"हा हिच्या गळ्यात कोनं घातला?"

"मी घातला, आजी. देव्हाऱ्यात होता ना. देवीचा आहे ना तो?"

"देवीचा नाही," आई टीव्हीकडे बोट करून म्हणाली. "तिचाच हाये. अन् पांढरं काऊन नेसवलं वं तिले? सवाशीण गेली ती. हिरवं नेसत होती."

मी म्हणाले, "तुले काय माहीत, आई? तू तं ती गेल्यावर आली."

"गेल्यावर नाही. मी पाह्यलं तिले."

मग तिनं सांगितलं. आमच्याकडे पाहून नाही, पडद्यावरच्या त्या तोंडाकडे पाहून. थोरलीला बरीच वर्षं मूल झालं नाही, म्हणून माझ्या आजीनं, म्हणजे वडिलांच्या आईनं, दुसरी पाहायला घेतली. आई तेव्हा सोळाची. पाहायला मंडळी आली त्यात थोरलीही होती.

"पहिली जिती हाये हे माह्या बापानं मले सांगतलं नव्हतं. तिनंच मले कुंकू लावलं. मंग पानी पेते म्हनून चुलीपाशी आली. आमी दोघीच होतो. मले म्हने, पोरी, तुले यायचं नसंन तं मले सांग, मी कायतरी कारन काढीन अन् मोडून टाकीन. अन् यायचं असंन तं ये. मी तुले तरास देनार नाही."

"मंग?" मी विचारलं.

"मी हो म्हनली. मले ती आवडली होती वं. मले मोठी बहीण नव्हती. वाटलं, हिच्यासंगं राह्याले भेटंन. म्हनून हो म्हनली. अन् हळदीच्या आधी निरोप आला, इहिरीत गेली म्हनून. सुतक फिटलं अन् माहं लग्न लागलं."

म्हाताऱ्यांपैकी एकीनं पदरानं डोळे टिपले. विहिरीचं तिला माहीत होतं, सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. भाऊ मात्र उभाच राहिला.

"ताप होता तिले. लहानपनापासून ऐकून राह्यलो मी."

"ताप तुह्या आजीनं आनला. तिच्या अंगात ताप नव्हता."

"मंग इतके वर्स नाही बोलली, अन् आता हे टीव्हीवर? हा सिनेमा कोठी दाखवायचा नाही. घराची इज्जत हाये काही."

भाची रडायला लागली. लॅपटॉप ओढून घेत म्हणाली, आजी, मी सगळं काढून टाकते, आत्ता काढते. आईनं तिचा हात धरला.

"काढू नको. शेवट बदल फक्त. तिनं कोनाले नाही मारलं. मान्साले मारून राह्यली, असं नको दाखवू. अन् मले तिले एक इचारायचं हाये."

"काय इचारायचं?" मी म्हणाले.

"मी हो म्हनली म्हनून गेली का, का मी नाही म्हनली असती तरी गेली असती. एवढंच."

भाऊ खुर्चीत बसला. त्याचा राग कुठल्या कुठं गेला होता. जरा वेळानं तो लहान पोराला समजवावं तसं म्हणाला, "आई, ती लोनारची पोरगी हाये. कॉलेजात जाते. ती काय सांगंन तुले?"

"मले समजते," आई म्हणाली. "डॉक्टरनं डोया बनवला माहा, डोकं नाही."

त्या दिवशी लोणारला परत येताना मी एसटीत खिडकीशी बसले. मला वडिलांचा फार राग आला. ते गरीब स्वभावाचे होते, आमच्यावर कधी हात उगारला नाही, आणि त्याच विहिरीचं पाणी आयुष्यभर प्यायले. ते तंबूतल्या सिनेमाला का यायचे नाहीत हे मला आता कळत होतं. रागावता रागावता मला रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, गाडी लागते का?

मी मनाशी हिशेब करत होते. आमच्या घरानं थोरलीला ठेवलं, चांदीत ठेवलं, पण तिच्या गोष्टीतून विहीर काढून टाकली. गावानं विहीर ठेवली, पण तिच्यातून थोरलीला काढून टाकलं, कोणाचा तरी पाय घसरला म्हणे. बाई आणि विहीर एकत्र राहिली ती फक्त पोरांच्या भुताच्या गोष्टीत, ज्या गोष्टीला आम्ही सगळे शहाणे लोक थाप म्हणत होतो. आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात लढाया होत्या, तह होते, आणि विहिरीत गेलेली एकही बाई नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती, शेतांत विहिरी होत्या. त्यांतल्या कितीतरी विहिरींच्या अशाच गोष्टी मी ऐकल्या होत्या आणि घाबरले होते. घाबरण्याच्या पुढे मी कधी गेले नव्हते. आई त्या तंबूत बसून काय शोधत होती हे कळायला मला इतकं म्हातारं व्हावं लागलं. तिला वाटत असणार, एखाद्या तरी सिनेमात कोणी तरी भुताला मारण्याआधी काही विचारेल.

थंडी कमी झाल्यावर पुन्हा शूटिंग ठरलं. या वेळी हिरवं लुगडं आईनं स्वतः काढून दिलं. हिरव्या बांगड्या भावजयीनं बाजारातून आणल्या. टाक कोणाच्या गळ्यात असावा यावर थोडी चर्चा झाली. आई म्हणाली, माह्याच गळ्यात राहू द्या. भाऊ येणार नव्हता. त्यानं आदल्या दिवशी तसं बजावूनही सांगितलं होतं. सकाळी आम्ही मळ्यात पोचलो तर तो विहिरीच्या पंपाच्या मोटारीच्या खोलीपाशी उभा होता. "आवाज येईन ना मोटारचा, बंद कराले आलो," म्हणाला. मोटार बंद केल्यावरही तो गेला नाही.

लोणारच्या पोरीला विहिरीच्या वरच्या पायरीवर बसवलं. अंगावर पाणी ओतलं. भाचीनं आईसाठी सोपी वाक्यं लिहिली होती. आईनं काठी टेकत यायचं, तू कोण आहेस म्हणून विचारायचं. भूत बोलत नाही, नुसतं बघतं. मग आईनं तिला कुंकू लावायचं आणि सिनेमा संपतो. आईनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि त्यातलं एक अक्षरही म्हणायचा तिचा विचार नाही हे मला तिच्या तोंडावरूनच दिसलं.

ती काठी टेकत आली. विहिरीच्या काठाशी थांबली. ती पोर हिरव्या लुगड्यात, ओले केस पाठीवर, वर बघत होती. भाची हळूच म्हणाली, "आजी, बोल."

"मी हो म्हनली म्हनून गेली का वं तू?"

तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. सोळा वर्षांच्या मुलीचा वाटावा असा होता तो. पोरीनं गोंधळून भाचीकडे पाहिलं. भाचीनं शूटिंगचा मोबाईल खाली केला नाही आणि काही खूणही केली नाही. मोटारीच्या खोलीपाशी भावानं डोक्यावरची टोपी काढली. मला वाटत होतं, पोरी, नाही म्हण गं. नुसती मान हलव. एवढ्याशा खोट्यानं माझी आई सुटेल. मी ते जवळजवळ ओरडून सांगणार होते.

पण ती पोर खोटं बोलली नाही. भुताचंही सोंग तिला पुढे नेता आलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती आपल्या रोजच्या, आमच्या गल्लीतल्या आवाजात म्हणाली, "मले नाही माहीत, आजी."

आई तिच्याकडे बघत राहिली.

"मलेबी नाही," ती म्हणाली. "सरक जराशी."

पोर सरकली. आईनं काठी बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात दाबत खाली वाकली, आणि त्या ओल्या पायरीवर तिच्याजवळ बसली.